जुन्या मोटारसायकलीच्या सांगाड्याची दुरुस्ती

मनुष्याच्या शरीरांत जें काम अस्थिपंजराचें, तेंच काम मोटारसायकलींत नळ्यांच्या सांगाड्याचें होय. यंत्र बंद पडलें तर गाडी रस्त्याच्या कडेस उभी राहते व बसणाऱ्याची पायपीट होते. परंतु सांगाडा धांवतां धांवतां मोडला तर बसणाऱ्याचा जीवच धोक्यांत येतो. असें असूनहि, जुन्या गाड्यांची हौस बाळगणारे पुष्कळ लोक यंत्राकडे जितकें लक्ष पुरवितात तितकें ह्या मुक्या नळ्यांकडे पुरवीत नाहींत. त्या खरवडून, रंग देऊन, त्यांवर चकाकी आणली म्हणजे काम संपलें, अशी त्यांची समजूत असते. कारागीर ज्यास फ्रेम किंवा चासी म्हणतात, तो हा सांगाडा वांकला, चिरला किंवा गंजला असतां कसा पारखावा आणि कसा नीट करावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. लेखाचें सार आरंभींच सांगावयाचें तर तें असें कीं, वस्तु कोणत्या रीतीनें घडली आहे हें समजल्यावांचून तिला अग्नि दाखवूं नये.

उदाहरणादाखल एक प्रसिद्ध गाडी घेऊं. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं बी. एस. ए., म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, ह्या कंपनीचा मोठा कारखाना होता. व्हॅल पेज ह्या अभियंत्यानें आंखलेली ‘एम २०’ नांवाची गाडी ह्या कंपनीनें १९३७ सालीं बाजारांत आणली. तिचें यंत्र एका सिलिंडरचें व ४९६ घन सेंटिमीटरचें असे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यासाठीं ह्या जातीच्या सुमारें सव्वा लाख गाड्या तयार झाल्या, व निरोप पोंचविण्याच्या कामीं त्या दूरदूरच्या देशांत धांवल्या. दि. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं ह्या कारखान्यावर बाँब टाकले व तेथील ५३ कामगार प्राणांस मुकले. तरीहि इतरत्र विखुरलेल्या कारखान्यांतून काम चालूच राहिलें. ह्या गाडीचें उत्पादन १९५५ पर्यंत झालें, आणि १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच त्या कारखान्यांतील मोटारसायकलींचें काम संपुष्टांत आलें. तेव्हां ज्याच्याजवळ अशी गाडी आहे, त्याला मूळ कारखान्यांतून नवा सांगाडा मागवितां येत नाहीं. जो आहे तोच जपणें त्याला भाग आहे.

१. सांगाड्याची घडण

असा जुना सांगाडा म्हणजे पोलादी नळ्यांची एक चौकट होय. पुढें, हँडल जिच्यांत फिरतें ती आंखूड जाड नळी असते. तिला हेड म्हणतात. हेडापासून एक नळी पेट्रोलच्या टांकीखालून मागें बैठकीकडे जाते, व दुसरी यंत्राच्या पुढून खालीं उतरते. बैठकीखालून एक नळी खालीं येते, आणि मागील चाकाच्या दोहों बाजूंस बारीक नळ्यांच्या जोड्या जातात. युद्धकाळांतील ‘एम २०’ च्या मागील चाकास कमानी नव्हत्या. रस्त्याचा प्रत्येक दणका सांगाड्यालाच सोसावा लागे.

ह्या नळ्या एकमेकींस मिळतात त्या जागीं ओतीव किंवा घडीव लोखंडाचे पोकळ सांधे असतात. त्यांस कारागीर ‘लग’ म्हणतात. नळीचें टोंक लगाच्या तोंडांत घट्ट बसवावयाचें, तें हलूं नये म्हणून आरपार एक बारीक खिळी मारावयाची, आणि मग सांधा तापवून त्यांत पितळ वितळवून ओढून घ्यावयाचें, अशी ही जुनी रीति आहे. पोलाद वितळण्यास सुमारें १५०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते; झाळण्याचें पितळ मात्र ९०० अंशांच्या आसपास वितळतें. म्हणून पोलाद घन असतांच पितळाचा रस होतो, आणि दिव्याच्या वातींत जसें तेल चढतें तसा तो नळी व लग ह्यांच्यामधील केसाएवढ्या फटींत केशाकर्षणानें शिरतो. फटीच्या दोन्ही भिंतींवर गंजाचा किंवा तेलाचा अंश असेल तर मात्र रस तेथें धरत नाहीं. यासाठीं आपल्या सोनारांस व तांबटांस परिचित असलेली सवागी, म्हणजे टांकणखार, त्या ठिकाणीं घालावी लागते. ती वितळून धातूवरील मळ विरघळविते व हवेस दूर ठेवते.

सर्वच जुने सांगाडे असे नसतात. नॉर्टन कंपनीनें १९५० सालीं शर्यतींत आणलेला ‘फेदरबेड’ सांगाडा लगांवांचून होता. रेनॉल्ड्स कंपनीच्या ‘५३१’ नांवाच्या, मँगॅनीज व मॉलिब्डेनम मिश्रित पोलादाच्या नळ्यांचीं टोंकें एकमेकींस अचूक बसतील अशीं कानशीनें घांसून तीं कांशासारख्या मिश्रधातूनें जोडीत असत. ह्या नळ्या १९३५ पासून प्रचारांत होत्या. त्यांच्या भिंती पातळ असूनहि मजबूत असतात. परंतु प्रमाणाबाहेर तापविल्यास त्यांचा हा गुण उणा होतो. पुढील काळांतील कित्येक सांगाडे तर वेल्डिंगनेंच जोडलेले असतात. ह्यावरून ध्यानांत येईल कीं, दोन सांगाडे वरून सारखे दिसले तरी एकाचें औषध दुसऱ्यास चालेलच असें नाहीं. दुरुस्ती करणाराचा पहिला प्रश्न ‘कोठें मोडलें’ हा नसून ‘हें कशाचें व कसें जोडलेलें आहे’ हा असला पाहिजे.

२. पोकळ नळीच कां?

पुष्कळांस वाटतें कीं, भरीव सळई ही पोकळ नळीपेक्षां मजबूत असावयाची. ह्याचा निर्णय गणितानें करूं. समजा, एका नळीचा बाहेरील व्यास ३२ मिलिमीटर व भिंतीची जाडी २ मिलिमीटर आहे. तितक्याच वजनाची तेवढ्याच लांबीची भरीव सळई केली तर तिचा व्यास केवळ साडेपंधरा मिलिमीटर भरेल. वांकविणाऱ्या जोरास तोंड देण्याची दोहोंची शक्ति काढली, तर नळीची शक्ति सळईच्या साडेतीन पटींहून अधिक येते. कारण वांकतांना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या पृष्ठभागावर पडतो व मध्यभाग जवळजवळ निरुद्योगी असतो. नळींत सारी धातु जेथें कामाची तेथेंच ठेवलेली असते. निसर्गानें बांबूची रचना ह्याच तत्त्वावर केली आहे.

परंतु ह्या रचनेंत एक उणीवहि आहे. नळीचें सामर्थ्य तिच्या वर्तुळाकार घडणींत आहे. तिला खोंच पडून ती चेपली कीं तें सामर्थ्य एकदम घटतें, व पुढला जोराचा दणका त्याच जागीं तिला मोडतो. तसेंच, आंतून गंज लागून वरील नळीची भिंत २ मिलिमीटरची १ मिलिमीटर राहिली तर वांकण्यास विरोध करण्याची तिची शक्ति पूर्वींच्या सुमारें ५५ टक्केच उरते. आणि हा आंतला गंज बाहेरच्या रंगावरून मुळींच दिसत नाहीं. म्हणून लहान हातोडीनें नळी हलकेच ठोकून आवाज ऐकावा. निरोगी नळी खणखणीत वाजते; गंजलेली किंवा तडकलेली नळी बद्द आवाज करते. हा पुरावा अंतिम नव्हे. परंतु संशय कोठें घ्यावा हें त्यावरून कळतें.

३. इजेचे तीन प्रकार

पहिला प्रकार अपघाताचा. गाडी समोरून धडकली म्हणजे पुढील चाक मागें रेटलें जातें, चिमटा वांकतो, आणि हेडाचा खालचा भाग मागें सरकतो. नळी बहुधा लगाच्या तोंडाशींच वांकते किंवा सुरकुतते. कारण तेथें जाड व ताठ लग संपून पातळ नळी सुरूं होते, आणि सारा जोर त्या एका रेषेवर एकवटतो.

दुसरा प्रकार गंजाचा. तो वर सांगितलाच आहे. बैठकीखालील व यंत्राखालील नळ्यांत पाणी साठून राहतें, यासाठीं त्या विशेष पाहाव्या.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. तो धातूच्या थकव्याचा. एकदां दिलेल्या जोरानें जी वस्तु मोडत नाहीं, ती त्याहून पुष्कळ कमी जोर लक्षावधि वेळां दिल्यानें मोडते. आगगाडीच्या डब्यांचे आंस कांहीं कारण न दिसतां कां मोडतात, ह्याचा शोध ऑगस्ट व्होलर नांवाच्या जर्मन अभियंत्यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत केला, व तेव्हांपासून ह्या गोष्टीचें शास्त्रीय ज्ञान होऊं लागलें. मोटारसायकलीचें चार फेऱ्यांचें यंत्र मिनिटास ३००० वेळां फिरत असेल तर एक सिलिंडर मिनिटास १५०० ठोसे सांगाड्यास देतो. कानशीचा एकादा ओरखडा, वेल्डिंगची एकादी खांच, किंवा खिळीचें भोंक अशा ठिकाणीं नखाएवढी चीर सुरूं होते, व महिनोन्‌महिने ती नकळत वाढत जाते. मोडलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत व काळसर, आणि उरलेला भाग खरबरीत व चकचकीत दिसला, तर पहिला भाग पूर्वींच चिरलेला होता व दुसरा अखेरच्या क्षणीं तुटला, असें समजावें.

४. परीक्षा

पेट्रोलची टांकी, यंत्र, चाकें, चिमटा व तारा हें सर्व प्रथम उतरवून सांगाडा उघडा करावा. टांकी अंगावर असतां जवळ ज्योत नेणें म्हणजे प्राणावर उदार होणें होय. रिकाम्या टांकींतील वाफहि भडकते. उतरवितांना प्रत्येक भागाचीं छायाचित्रें घ्यावीं व मापें वहींत टिपून ठेवावीं. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक नीट वाचून लिहून घ्यावा, आणि पुढील कोणत्याहि घांसकामांत तो पुसला जाणार नाहीं अशी काळजी घ्यावी. तो क्रमांक म्हणजे गाडीचें नांवगांव आहे.

मग जुना रंग रसायनानें काढावा. फिरत्या सहाणेनें घांसूं नये. तिनें नळीची भिंत पातळ होते, व उघड्या चिरांचीं तोंडें मिटून त्या दिसेनाशा होतात. पुष्कळदां रंगाखालीं लांबी भरलेली आढळते. जेथें लांबी सांपडेल तेथें कोणी तरी कांहीं तरी लपविलें आहे, असेंच गृहीत धरावें.

चिरा शोधण्याची एक जुनी व सोपी रीति आहे. संशयित जागेस घासलेट लावून कांहीं वेळ मुरूं द्यावें. मग पृष्ठभाग कोरडा पुसून त्यावर खडूची पूड फांसावी. चिरेंत शिरलेलें घासलेट हळूहळू बाहेर येतें, आणि पांढऱ्या खडूवर ओली काळी रेघ उमटते. आजकाल ह्याच तत्त्वावरील लाल रंगाचा द्रव व पांढरी फवारणी बाजारांत मिळते. तिनें अधिक बारीक चिरा दिसतात. लगाचीं तोंडें, यंत्र अडकविण्याचे कान आणि मागील चाकाच्या आंसाच्या खांचा ह्या जागा भिंगानें पाहाव्या.

ह्यानंतर मोजमाप. डोळ्यांस सरळ दिसणारा सांगाडा सरळच असतो असें नाहीं. हेडाच्या नळींत घट्ट बसणारी, सरळ व लांब पोलादी सळई घालावी, व मागील चाकाच्या आंसाच्या जागीं दुसरी सळई आडवी बसवावी. सपाट पायावर सांगाडा पाणसळीनें बसवून, ओळंबा व गुण्या ह्यांच्या साह्यानें पहिली सळई दुसरीशीं काटकोनांत आहे कीं नाहीं तें पाहावें. सळई लांब घेण्याचें कारण असें कीं, लहान चूक तिच्या टोंकाशीं मोठी होऊन दिसते: एक अंशाची पीळ ६०० मिलिमीटर लांबीच्या सळईच्या टोंकाशीं साडेदहा मिलिमीटरांचें अंतर दाखविते. मागून पुढें ताणलेल्या दोरीनेंहि दोन्ही चाकें एका रेषेंत येतात कीं नाहीं हें ताडून पाहावें.

५. तीन अंशांचें मोल

एवढ्या सूक्ष्मतेची गरज काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर असें. चिमटा ज्या आंसाभोंवतीं फिरतो ती रेषा खालीं जमिनीपर्यंत वाढविली, तर ती टायर टेंकतें त्या बिंदूच्या पुढें जमिनीस मिळते. ह्या दोन बिंदूंमधील अंतरास ‘ट्रेल’ म्हणतात. टायर आंसाच्या मागून ओढलें जात असल्यामुळें तें आपोआप सरळ दिशेस येतें. हात किंचित् ढिले पडले तरी गाडी भरकटत नाहीं.

आतां समजा, चाकाची त्रिज्या ३३० मिलिमीटर, आंसाचा लंबरेषेशीं कोन २७ अंश, आणि चाकाचा मध्य आंसाच्या रेषेपुढें ६० मिलिमीटर आहे. त्रिकोणमितीनें ट्रेल सुमारें १०१ मिलिमीटर येतो. धडकेनें हेड तीनच अंश उभें झालें, म्हणजे कोन २४ अंश राहिला, तर ट्रेल सुमारें ८१ मिलिमीटर होतो. म्हणजे एक पंचमांश नाहींसा झाला! वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं कोष्टकें घेऊन हें गणित स्वतः करून पाहावें. असा सांगाडा गल्लींत हळू चालवितांना कांहींच वाटत नाहीं, उलट हँडल हलकें लागतें. परंतु वेग वाढला कीं पुढील चाक चंचल होतें व हँडल थरथरूं लागतें. जो दोष मंद गतींत सुखकर वाटतो तोच वेगांत घातक ठरतो, हें येथें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

६. सरळ करावें कीं बदलावें?

सर्व मापें हातीं आल्यावर निर्णय करावा. नळी सौम्यपणें वांकली असून तिच्यावर सुरकुती, चेप किंवा चीर नसेल, तर ती सरळ करितां येते. सुरकुतलेली किंवा चेपलेली नळी सरळ करण्याच्या भरीस पडूं नये, ती बदलावी. लगच फुटला असेल, किंवा बऱ्याच नळ्या आंतून गंजल्या असतील, तर त्या सांगाड्यास निवृत्त करणें हेंच शहाणपणाचें. प्रत्येक वस्तु वांचविलीच पाहिजे असा हट्ट धरणारा कारागीर दयाळू असेल. परंतु तो बसणाऱ्यावर दया करीत नाहीं.

सरळ करण्याच्या कामीं सांगाडा मजबूत चौकटीस आवळून, हेडांत लांब जाड सळई घालून, किंवा जॅक लावून हळूहळू जोर द्यावा. पोलाद स्थितिस्थापक असल्यामुळें जोर काढतांच तें थोडें परत फिरतें. म्हणून इष्ट मापाच्या किंचित् पुढें न्यावें लागतें. प्रत्येक वेळीं जोर काढून मोजावें. घाई करणारा एका बाजूस वांकलेली नळी दुसऱ्या बाजूस वांकवितो, आणि दोन वेळां वांकलेली धातु पहिल्यासारखी राहत नाहीं.

साध्या पोलादाची नळी तापवून वांकवावयाची झाल्यास तिला मंद लाल ताव द्यावा. निळ्या तावांत, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास, तिच्यावर जोर करूं नये. ह्या उष्णतेंत पोलाद मऊ होण्याऐवजीं ठिसूळ होतें. लगाजवळची नळी तापवून वांकविणें तर सर्वथा टाळावें. तेथील पितळ वितळलें असतां सांध्यावर ताण पडला, तर पितळाचा रस पोलादाच्या कणांमधील सीमांत शिरतो आणि नळी जागच्या जागीं तडकते. ही चीर बाहेरून सोन्यासारखी पिवळी व सुंदर दिसते, आणि आंतून सांधा निकामी झालेला असतो.

७. नळी बदलण्याची रीति

प्रथम सांगाड्याचे बाकीचे भाग चौकटींत असे पक्के धरावे कीं, एक नळी काढली तरी दुसऱ्या हलूं नयेत. जुनी खिळी भोंक पाडून काढावी. मग रुंद व सौम्य ज्योतीनें लग सर्व बाजूंनीं सारखा तापवावा; पितळ ओलसर चमकूं लागलें कीं नळी न वांकवितां, न हिसडतां, सरळ रेषेंत ओढून घ्यावी. लगाचें आंतलें तोंड साफ करावें. नवी नळी जुन्या नळीच्याच व्यासाची, जाडीची व जातीची असावी. जाड घातली म्हणजे अधिक बरें, हा समज चुकीचा आहे. एक नळी फार ताठ झाली तर तिच्या वांट्याचा ताण शेजारच्या नळीवर जातो.

नळी व लग ह्यांमध्यें सर्व बाजूंनीं एक दशांश मिलिमीटरच्या आसपास फट असावी. फट फार मोठी असेल तर केशाकर्षण होत नाहीं, व मुळींच नसेल तर रसास वाट मिळत नाहीं. खिळी मारून मापें पुन्हां ताडावीं. नळीचीं दोन्ही टोंकें बंद होत असतील तर हवा बाहेर जाण्यास बारीक भोंक ठेवावें. नाहीं तर कोंडलेली हवा तापून वितळलेला रस बाहेर उडविते आणि कारागिराच्या तोंडावर येते. नंतर सवागी लावून सांधा एकसारखा तापवावा, व पितळाची सळई एका कडेस टेंकवून रस दुसऱ्या कडेस निघेपर्यंत वाट पाहावी. रस दुसऱ्या बाजूस दिसला म्हणजे सांधा भरला असें समजावें. मग काम हवेंत सावकाश थंड होऊं द्यावें. पाणी ओतूं नये. थंड झाल्यावर उरलेली कांचेसारखी सवागी गरम पाण्यानें व तारेच्या ब्रशानें काढावी. ती राहिली तर तिच्याखालीं गंज धरतो व दोषहि झांकले जातात.

नळी लगापासून दूर, मध्येंच मोडली असेल तर सर्व नळी न काढतांहि काम होतें. मोडलेला भाग कापून, दोन्ही टोंकें तिरपीं करून, आंत घट्ट बसणारी दुसरी पोलादी नळी घालावी व तिरप्या सांध्यावर वेल्डिंग करावें. आंतील नळी दोन्ही बाजूंस पुरेशी लांब असावी, आणि बाहेरील नळीस पाडलेल्या भोंकांतूनहि तिला पक्कें करावें. सांधा तिरपा ठेवण्याचें कारण असें कीं, तापलेल्या धातूचा कमजोर पट्टा नळीभोंवतीं एकाच वर्तुळांत येऊं नये.

एका चुकीविषयीं येथें इशारा दिलाच पाहिजे. पितळानें झाळलेला लग सैल झाला कीं रस्त्यावरील दुकानांत त्याच्या कडेनें विजेचें वेल्डिंग करून देतात. हें काम घटकाभरांत होतें व स्वस्तहि पडतें. परंतु उरलेलें पितळ वेल्डिंगच्या रसांत मिसळतें व तो सांधा थंड होतां होतांच चिरतो. शिवाय लग ओतीव लोखंडाचा असेल तर वितळलेला भाग थंड होतांना कांचेसारखा कठीण व ठिसूळ होतो. वरून जाड शिवण दिसते. परंतु तिची शक्ति दिसण्यापुरतीच असते.

ह्या कामांत धोका केवळ ज्योतीचा नाहीं. पितळांतील जस्ताचा पांढरा धूर श्वासांत गेल्यास थंडी वाजून ताप येतो, आणि कांहीं जुन्या प्रकारच्या चांदीच्या डाकांत असलेल्या कॅडमियमचा धूर तर प्राणघातक ठरतो. म्हणून मोकळ्या हवेंत, डोळ्यांस काळा चष्मा लावून, आणि अनुभवी मनुष्य शेजारीं असतांच हें काम शिकावें.

८. दुरुस्तीनंतर

सर्व मापें पुन्हां घ्यावीं व पहिल्या वहीशीं ताडून पाहावीं. घासलेट व खडूची परीक्षा पुन्हां करावी. रंग पातळ द्यावा. झाळलेल्या जागीं लांबी भरूं नये, म्हणजे पुढें चीर पडली तर ती रंगावर लगेच दिसेल. गाडी सावकाश दीडदोनशें किलोमीटर चालवून ते सांधे परत तपासावे.

कायद्याचीहि एक बाजू आहे. भारतांत २०२१ सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांत राखलेली, आणि जिच्या चासींत, बॉडींत किंवा यंत्रांत मोठा फेरफार झालेला नाहीं अशी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. यासाठीं मूळ रीतीनेंच केलेली दुरुस्ती केवळ मजबुतीच्या नव्हे, तर नोंदणीच्या दृष्टीनेंहि हिताची आहे. क्रमांक खोडणें किंवा दुसऱ्या सांगाड्याचा क्रमांक ठोकणें ही तर फसवणूकच होय.

शेवटची गोष्ट वहीची. कोणती नळी कोणत्या दिवशीं बदलली, कोणत्या धातूनें झाळली, मापें आधीं काय होतीं व नंतर काय झालीं, हें सर्व लिहून ती वही गाडीबरोबर ठेवावी, आणि गाडी विकली तर नव्या मालकाच्या स्वाधीन करावी. जुनी गाडी एका मालकापाशीं जन्मभर राहत नाहीं. आज आपण जो सांधा झाळला त्याच्यावर दहा वर्षांनीं एकादा अनोळखी तरुण आपला सारा भार टाकून घाट उतरत असेल. त्याला आपलें नांव ठाऊक नसेल, रंगाखालीं काय आहे हेंहि त्याला दिसणार नाहीं. त्याचा सारा भरंवसा आपल्या हातावर असेल. शुभवर्तमानांत दांभिकांस चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली आहे. लांबीनें व रंगानें सजविलेला फुटका सांगाडा त्याच जातीचा होय. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, हातीं ज्योत घेण्यापूर्वीं ओळंबा घ्या, आणि रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं वही पुरी करा.